राजमा नीट शिजला, की निम्मा स्वयंपाक झाला

राजमा-भात बेचव झाला, की पहिला संशय मसाल्यावर जातो. पुढच्या वेळी तिखट वाढतं, कांदा वाढतो, तेलाची धार सैल होते. पदार्थ तिखट आणि तेलकट होतो, पण चव काही येत नाही. कारण चूक मसाल्यात नसतेच, ती आधी दाणा शिजवतानाच झालेली असते. अर्धवट शिजलेला राजमा मसाला शोषून घेत नाही आणि त्याचं पाणीही पाण्यासारखंच राहतं. पुरता शिजलेला राजमा मात्र नुसत्या मिठावर आणि लसणीवरही खाता येतो. म्हणून इथे दाण्यावर जास्त वेळ घालवला आहे, फोडणीवर कमी आणि भातावर त्याच्या मधोमध.

प्रमाण चार जणांच्या पोटभर जेवणाचं आहे. वाटी २०० मिलिलिटरची, छोटा चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरला आहे.

राजमा: २०० ग्रॅम, म्हणजे साधारण सव्वा वाटी
तांदूळ: २ वाट्या, सुमारे ३३० ग्रॅम
कांदे: २ मध्यम, मिळून २५० ग्रॅमच्या आसपास
टोमॅटो: ३ मध्यम, ३०० ग्रॅम
लसूण: ६-७ पाकळ्या, आलं: बोटाच्या एका पेराएवढं
तेल: २ मोठे चमचे
जिरे १ छोटा चमचा, हळद अर्धा, लाल तिखट १ ते दीड, धणेपूड २ छोटे चमचे
तमालपत्र १, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस

कोरडा राजमा भिजून-शिजून वजनाने अडीच पट होतो, तेव्हा २०० ग्रॅम पाहून "एवढ्याने काय होणार" असं वाटून घेऊ नये. डब्यातला शिजवलेला राजमा वापरायचा असेल, तर ४०० ग्रॅमच्या डब्यातलं पाणी काढल्यावर सुमारे २४० ग्रॅम दाणे हाती येतात. म्हणजे इथल्या प्रमाणाला दोन डबे लागतील. सोय मोठी आहे, पण तेवढाच राजमा कोरडा घेतला तर कितीतरी स्वस्त पडतो, शिवाय शिजवलेल्या पाण्याची चव वेगळीच.

दाणे निवडताना

ताज्या राजम्याची साल गुळगुळीत, तुकतुकीत आणि घट्ट बसलेली असते. सालीला सुरकुत्या, भेगा किंवा निस्तेज रंग असेल तर माल जुना. उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडलेल्या कडधान्यात असे बदल होतात की नंतर कितीही शिजवलं तरी दाणा आतून मऊ पडत नाही. अशा दाण्याला गणंग म्हणतात, आणि गणंगावर शिट्ट्यांचा इलाज चालत नाही. खात्री नसेल तर मूठभर राजमा आधी भिजवून शिजवून पाहावा आणि मग मोठी पिशवी घ्यावी.

आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: डब्याच्या तळाशी उरलेल्या जुन्या राजम्यावर नवा राजमा ओतू नये. दोन्ही एका भांड्यात गेले, की नवा फुटून पीठ होतो तेव्हा कुठे जुना शिजू लागतो. असा राजमा वाचवायचा काही उपाय नाही. जुना आधी संपवावा किंवा वेगळा शिजवावा.

राजमा ताटात पसरून खडे आणि किडके दाणे काढावेत. हे काम दोन मिनिटांचं असतं, टाळलं तर दाताला कळतं.

भिजवणे

राजमा दोन-तीन पाण्यांनी धुऊन १ लिटर पाण्यात २ छोटे चमचे मीठ विरघळवून त्यात ८ ते १२ तास भिजत ठेवावा. मिठाने राजमा कडक होतो हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. दाण्याच्या सालीत पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन असतं आणि त्याला कॅल्शियम व मॅग्नेशियम घट्ट बांधून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, साल सैल पडते आणि शिजताना फुटत नाही. मीठ न घालता भिजवलेला राजमाही शिजतो, पण त्याच्या साली जास्त सुटतात आणि दाताखाली येतात.

पाणी भरपूर हवं. दाणा फुगून जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो. कमी पाण्यात वरचे दाणे उघडे पडले, की ते अर्धे भिजतात आणि शेवटपर्यंत मागे राहतात. नीट भिजलेला दाणा ओळखायचा तर तो सुरीने मधोमध कापून पाहावा. कापलेला भाग कडेपासून मध्यापर्यंत एकाच रंगाचा हवा. मध्यभागी फिकट, कोरडा ठिपका दिसला, तर अजून दोन तास लागतील. साल सुरकुतलेली दिसत असेल तर तेही अर्धवट भिजल्याचंच लक्षण, कारण साल आधी फुगते आणि गर मागून येतो.

हवा गरम असेल तर बारा तासांच्या पुढे राजमा बाहेर ठेवू नये. पाण्यावर फेस आणि आंबूस वास येऊ लागतो. रात्रभर ठेवायचाच असेल, तर भांडं फ्रीजमध्ये सरकवावं. तिथे थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच.

भिजवायचं राहूनच गेलं असेल, तर राजमा भरपूर पाण्यात २ मिनिटं खळखळून उकळावा, गॅस बंद करून झाकण ठेवावं आणि तासभर तसाच राहू द्यावा. रात्रभर भिजवल्याइतका एकसारखा होत नाही, पण काम भागतं.

ज्यांच्या पाण्यात क्षार जास्त आहेत (पाणी उकळायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरत असेल, तर आहेतच), त्यांनी भिजवायच्या पाण्यात पाव छोटा चमचा खायचा सोडा घालावा. पाण्यातलं कॅल्शियम साल घट्ट करतं, सोडा तिला सैल करतो. सोड्याचा हात मात्र आखडता ठेवावा. जास्त झाला तर राजम्याला साबणासारखी चव येते, दाण्याचा लगदा होतो आणि त्यातलं बी-१ जीवनसत्त्वही नष्ट होतं.

भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं. राजम्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या पचवणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नाही, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि पोटात वायू धरतो. त्यातल्या काही साखरा भिजवण्याच्या पाण्यात उतरतात. पाणी फेकल्याने त्रास संपत नाही, पण कमी होतो. ज्यांना राजम्याची सवय नाही, त्यांनी पहिले काही दिवस लहान वाटीनेच सुरुवात करावी.

कच्च्या राजम्याबद्दल सावधगिरी

या भागात मात्र प्रयोग नकोत. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, भरपूर असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोरदार उलट्या आणि मागोमाग जुलाब होऊ शकतात. पूर्ण उकळीने हे द्रव्य निकामी होतं. १०० अंश सेल्सिअसला त्याला १० मिनिटं पुरतात, पण दाण्याचा गाभा तेवढा तापायला वेळ लागतो, म्हणून उघड्या भांड्यात किमान ३० मिनिटं खळखळती उकळी धरावी.

सर्वांत धोक्याची पद्धत म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास ठेवायची विजेची भांडी. त्यात पाणी उकळी फुटेपर्यंत तापतच नाही असं होऊ शकतं. ८० अंशांच्या आसपास तापलेला राजमा मऊ तर होतो, पण लेक्टिन तसंच राहतं. उलट अशा राजम्यातला विषारीपणा कच्च्यापेक्षाही वाढलेला आढळतो. मऊ म्हणजे शिजलेला, हे समीकरण इथे चुकतं. असं भांडं वापरायचं असेल, तर राजमा आधी गॅसवर अर्धा तास उकळून मगच त्यात घालावा. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, त्यामुळे तिथे ही काळजी राहत नाही.

शिजवणे: शिट्ट्या मोजू नका, घड्याळ पाहा

भिजलेला राजमा धुऊन कुकरमध्ये घ्यावा. ४ वाट्या ताजं पाणी, १ छोटा चमचा मीठ, तमालपत्र आणि दोन ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या घालाव्यात. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नाही. कडधान्यं फसफसतात, फेस वर चढून शिट्टीच्या भोकात अडकतो आणि मग पाणी बाहेर उडू लागतं. हे नुसतं ओट्याच्या स्वच्छतेपुरतं नाही, वाफेची वाट बंद होणं धोक्याचं असतं. म्हणून झाकण न लावता आधी पाच-सात मिनिटं उकळी येऊ द्यावी आणि वर आलेला राखाडी फेस चमच्याने काढून टाकावा. चमचाभर तेल घातलं तर फेस आणखी दबतो.

आता झाकण लावून मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्यावी. ती झाली, की आच अगदी मंद करावी आणि तिथून २० ते २५ मिनिटं मोजावीत. किती शिट्ट्या हा प्रश्न कायम विचारला जातो आणि त्याचं एकच एक उत्तर नाही. शिट्टी ही जादा वाफ बाहेर पडल्याची खूण आहे. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत आठ शिट्ट्या होतील, मंद आचेवर तेवढ्याच वेळात एकही होणार नाही, आणि आतलं तापमान दोन्हीकडे जवळपास सारखंच असेल. दाण्याला हवा असतो वेळ. मोठ्या आचेवरच्या शिट्ट्यांनी फक्त पाणी आटतं, गॅस जळतो आणि दाणे एकमेकांवर आपटून फुटतात.

वेळ झाली, की गॅस बंद करून कुकर आपोआप थंड होऊ द्यावा. १५ ते २० मिनिटं लागतात. घाई करून शिट्टी उचलली, की दाब एकदम पडतो, दाण्याच्या आतलं पाणी तत्क्षणी वाफ होतं आणि साल फाटते. शिवाय कुकर निवत असताना दाणा शिजतच असतो, तो वेळ हिशोबात धरलेला आहे.

झाकण काढल्यावर परीक्षा करायची ती एका दाण्यावर नाही, पाच दाण्यांवर, आणि तेही भांड्याच्या वेगवेगळ्या भागांतले घेऊन. दाणा जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबावा. दात न लावता तो लोण्यासारखा दबला पाहिजे. साल वेगळी जाणवता कामा नये. दाबताना मध्ये खडूसारखी भुकटी लागली, तर गाभा कच्चा आहे. पाचपैकी एक जरी कच्चा निघाला, तरी सगळा राजमा कच्चाच समजावा आणि पुन्हा झाकण लावून १० मिनिटं द्यावीत. इथे कंटाळा केला, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. आणखी दोनदा दहा-दहा मिनिटं देऊनही दाणा हटत नसेल, तर चिमूटभर सोडा घालून एकदा पाहावं. त्यानेही नाही झाला, तर माल जुना आहे.

कुकर नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात ६-७ वाट्या पाणी घ्यावं. पहिली ३० मिनिटं खळखळ, मग आच कमी करून झाकण अर्धवट ठेवून आणखी ४५ मिनिटं ते तासभर. दाणे सतत पाण्याखाली हवेत. पाणी कमी झालं तर उकळतंच घालावं, गार पाण्याने उकळी मोडते आणि वेळ वाढतो. उंच डोंगराळ भागात हे काम फार रेंगाळतं, कारण दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. तिथे कुकरच बरा.

शिजल्यावरचं पाणी फेकायचं नाही. भिजवण्याचं पाणी जितकं टाकाऊ, तितकं हे मोलाचं. दाण्यातला स्टार्च आणि प्रथिनं त्यात उतरलेली असतात, रश्शाला दाटपणा त्यातूनच येतो. ते ओतून देऊन रश्श्यात साधं पाणी घालणं म्हणजे आधी फेकलेली चव मसाल्याने परत आणायला जाणं.

आंबट नंतर

टोमॅटो, लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर, यांतलं काहीही दाणा पूर्ण मऊ होण्याआधी भांड्यात पडता कामा नये. आंबटपणाने सालीतलं आणि गरातलं पेक्टिन विरघळायचं थांबतं आणि दाणा आहे त्या अवस्थेत अडकून बसतो. सगळं एकत्र घालून एकदाच कुकर लावायच्या कृती सोप्या वाटतात, आणि ताज्या राजम्यावर कधी कधी जमूनही जातात. मग एक दिवस जुना माल येतो आणि तीच कृती तोंडघशी पाडते. टोमॅटो आधीच पडला असेल, तर वेळ वाढवणं एवढाच मार्ग उरतो; रस्सा शिजून शिजून गडद होईल, पण दाणा हळूहळू येईल.

मसाला

कुकर निवत असताना मसाला करून घ्यावा. कढईत २ मोठे चमचे तेल मध्यम तापवावं. एक जिरं टाकून पाहावं. ते लगेच तडतडलं तर बाकीचे घालावेत, नुसतंच तळाशी पडून राहिलं तर तेल अजून गार आहे, आणि काळं पडलं तर गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबावं.

बारीक चिरलेला कांदा आणि पाव चमचा मीठ घालावं. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि तो करपत नाही. कांद्याला मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं लागतात, पाच नाही. आधी तो पारदर्शक होतो, तेव्हा वास कच्चा आणि उग्र असतो. मग कडा पिवळसर होतात, कढईतला आवाज बदलतो, चरचर बारीक होते. हे पाणी संपल्याचं लक्षण. त्यानंतर रंग झपाट्याने पालटतो, म्हणून इथून पुढे कढईपासून हलायचं नाही. सोनेरी-तपकिरी झाला, की थांबावं. तळाशी चिकटू लागला तर चमचाभर पाणी शिंपडून उलथन्याने खरवडून घ्यावं. ती खरवड म्हणजे चवच आहे, फक्त काळी पडलेली नसावी. काळी पडली असेल, तर तो कांदा टाकून पुन्हा सुरुवात केलेली बरी, कारण करपल्याचा कडवटपणा सगळ्या रश्श्यात उतरतो आणि साखर घालून झाकला जात नाही.

आता ठेचलेलं आलं-लसूण घालून मिनिटभर परतावं. आच कमी करून हळद, तिखट, धणेपूड घालावी आणि लगेच दोन चमचे पाणी. कोरड्या पुडी गरम तेलात काही सेकंदांत जळतात, पाण्याने ती वेळ हातात राहते. अर्ध्या मिनिटात टोमॅटो, किसलेला किंवा बारीक चिरलेला, घालून मध्यम आचेवर ८-१० मिनिटं शिजवावा.

"तेल सुटेपर्यंत परता" असं नेहमी सांगितलं जातं. इथे तेल मुळातच कमी आहे, ते सुटून वर येण्याची वाट पाहत बसाल तर मसाला जळेल. त्याऐवजी उलथनं कढईच्या तळावरून ओढून पाहावं. मागे पडलेली वाट दोन-तीन सेकंद तशीच राहिली, दोन्ही बाजूंनी रस धावून आला नाही, की मसाला झाला. वासातला कच्चा आंबटपणाही तोवर गेलेला असतो.

राजमा त्याच्या पाण्यासकट कढईत ओतावा. पळीभर दाणे कढईच्या कडेला दाबून ठेचावेत. रस्सा दाट करायला ह्याहून स्वस्त आणि चांगलं काही नाही. पीठ लावायची गरज पडत नाही. मंद आचेवर झाकण अर्धवट ठेवून १५ ते २० मिनिटं उकळू द्यावं. ह्या वेळात मसाला दाण्याच्या आत जातो. पाच मिनिटांत उतरवलेल्या राजम्यात रस्सा तिखट आणि दाणा अळणी असा फरक स्पष्ट लागतो. मीठ चाखून शेवटी घालावं, कारण आधी तीनदा पडलेलं आहे. निवल्यावर रस्सा आणखी घट्ट होतो, तेव्हा उतरवताना हवा त्यापेक्षा किंचित पातळ ठेवावा.

लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर. तो चवीसाठी तर आहेच, शिवाय त्यातलं सी जीवनसत्त्व राजम्यातलं लोह शोषून घ्यायला मदत करतं, आणि उकळत्या रश्श्यात ते बरंचसं नष्ट होतं. जेवणासोबतचा चहा नेमकं उलटं काम करतो, लोह शोषू देत नाही.

मीठ जास्त झालं तर बटाटा टाकायचा सल्ला हमखास मिळतो. बटाटा खारट पाणी शोषतो, पण उरलेलं पाणी तेवढंच खारट राहतं. रस्सा गरम पाण्याने वाढवावा किंवा बिनमिठाचे शिजलेले दाणे घालावेत. दुसरा मार्ग म्हणजे भात अळणी ठेवणं, ताटात दोन्ही एकत्रच यायचे आहेत.

भात

तांदूळ तीन-चार पाण्यांत हलक्या हाताने धुवावा. पाणी अगदी नितळ व्हायची गरज नाही, दुधासारखं राहिलं नाही की पुरे. दाण्यांवरची स्टार्चची भुकटी निघाली नाही, तर भात चिकट होतो. मग २० ते ३० मिनिटं भिजवून चाळणीत निथळावा. भिजलेला तांदूळ आत-बाहेर एका वेळी शिजतो आणि तुटत नाही.

एका वाटीला दोन वाट्या पाणी हे माप सगळ्यांना पाठ असतं आणि थोड्या भाताला ते चालतंही. पण त्यामागचं गणित वेगळं आहे. पांढरा तांदूळ स्वतः साधारण आपल्याइतकंच पाणी पितो. उरलेलं वाफ होऊन जातं, आणि वाफ किती जाणार हे तांदळावर नाही तर भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि आचेवर ठरतं. म्हणून तांदूळ दुप्पट केला म्हणजे वाफेचं पाणी दुप्पट लागत नाही. चार जणांचा भात नीट होतो आणि दहा जणांचा त्याच मापाने गिच्च होतो, त्याचं कारण हे. भिजवून निथळलेल्या २ वाट्या तांदळाला घट्ट झाकणाच्या पातेल्यात सव्वातीन वाट्या पाणी पुरतं. झाकण सैल असेल तर साडेतीन. बिनपॉलिशच्या तांदळाला पाणीही जास्त लागतं आणि वेळ ३५-४५ मिनिटं.

पाणी उकळून त्यात १ छोटा चमचा मीठ आणि तांदूळ घालावा, एकदाच ढवळावं. पुन्हा उकळी आली, की आच शक्य तितकी बारीक, झाकण घट्ट, १२ मिनिटं. मध्ये झाकण उघडायचं नाही, दर वेळी वाफ जाते आणि वरचा थर कच्चा राहतो. गॅस बंद केल्यावर १० मिनिटं तसंच ठेवावं. तळाचा भात ओला आणि वरचा कोरडा असतो, ह्या दहा मिनिटांत ओलावा सारखा पसरतो आणि शीत घट्ट होतं. मग काट्याच्या चमच्याने कडेकडून मोकळा करावा. पळीने ढवळला तर शितं मोडतात.

भात वरून कच्चा राहिला, तर उकळतं पाणी दोन-तीन मोठे चमचे शिंपडून झाकण लावून पाच मिनिटं द्यावीत. तळाशी करपला, तर खरवडू नये, वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढावा. गिच्च झाला तर ताटात पातळ पसरून वाफ जाऊ द्यावी. त्याने गिच्चपणा जात नाही, पण वाढतही नाही. राजम्यासोबत तसा थोडा मऊ भातच बरा लागतो. अगदी सुटा, कोरडा भात रस्सा धरून ठेवत नाही.

कामाचा क्रम

राजमा आदल्या रात्री भिजवला असेल, तर जेवणाआधी सव्वा ते दीड तास हाताशी असावा. कुकर लावला की तांदूळ धुऊन भिजवावा, मग कांदा-टोमॅटो चिरावा. कुकर बंद केला की कढई चढवावी. राजमा कढईत ओतला की शेजारी भाताचं पाणी ठेवावं. रस्सा उकळून होतो तेव्हाच भाताची वाफ मुरत असते. हात प्रत्यक्ष गुंततात ते जेमतेम ४० मिनिटं.

आठवड्याचा बेत असेल, तर ५०० ग्रॅम राजमा एकदमच शिजवावा. दोनदा कुकर लावण्यापेक्षा गॅस कमी लागतो. कुकर लहान असेल तर दोन खेपा कराव्यात, पण अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. जादा दाणे त्यांच्याच पाण्यात बुडवून, डब्यात वर बोटभर जागा सोडून, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने राहतात. कोरडे गोठवले तर साल फाटते.

उरलं तर

राजमा फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो आणि दुसऱ्या दिवशी चवीला जास्त चांगला लागतो. भाताचं तसं नाही. तांदळावर बॅसिलस सिरियस ह्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत ओट्यावर राहिला, की ते वाढून विष तयार करतात, आणि उलट्या घडवणारं ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. "उकळून घेतला की झालं" हे भाताला लागू नाही. उरलेला भात पसरट भांड्यात काढून तासाभरात गार करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून वाफ येईपर्यंत, आणि एकदाच. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्यावा, कितीही जिवावर आलं तरी.

राजम्याऐवजी दुसरं काही

हीच कृती बाकी कडधान्यांनाही चालते, वेळ तेवढी बदलते. चवळी दोन-तीन तास भिजवली तर मंद आचेवर ८-१० मिनिटांत होते. अख्खा मसूर न भिजवताही साधारण तेवढ्याच वेळात. काबुली चणे राजम्याइतकेच भिजवून २५ ते ३० मिनिटं घेतात. वेगवेगळी कडधान्यं एकत्र करायची असतील, तर प्रत्येक वेगळं शिजवून रश्श्यात एकत्र आणावं.

डाळी-कडधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर आणि मेथिओनिन कमी, तांदळात नेमकं उलटं, म्हणून दोन्ही मिळून प्रथिनांची जोडी पुरी होते. ते एकाच घासात खाल्लं पाहिजे असं नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेले की चालतं. कोरड्या राजम्यात १०० ग्रॅममागे साधारण २२ ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात, पांढऱ्या तांदळात सुमारे ७. वरच्या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला १७-१८ ग्रॅम येतात. ताटात राजमा थोडा वाढवून भात थोडा कमी घेतला, तर हा आकडा आणखी वर जातो.